वच्छलाबाईंच्या रक्ताचा रुसवा

धामणगाव बढ्यात पंजाबरावांच्या बैठकीत देवांच्या तसबिरी कमी आणि रक्तदानाची प्रमाणपत्रं जास्त. वाढदिवस कोणत्याही पुढाऱ्याचा असो, शिबिरात पहिली बाही वर व्हायची ती यांची. बदल्यात मिळालेले अकरा स्टीलचे डबे वच्छलाबाईंनी फळीवर ओळीनं मांडले होते. दहांत हळद, तिखट, डाळी. अकरावा रिकामा. "त्यात यांचा रुबाब ठेवला हाये," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

त्याच वच्छलाबाईंचं काळीज वाढलं. मायेनं वाढावं तसं नव्हे. आजारानं फुगलं, सैल पडलं, चुलीपासून ओसरीपर्यंतच्या चालीत धापा टाकू लागलं. नागपूरच्या डॉक्टर नाजिशबाईंनी सांगितलं, दुसऱ्याचं हृदय बसवावं लागेल. हृदय हवं असलेल्यांच्या यादीत नाव लागलं. मग रक्त तपासलं, आणि तिथं पंजाबरावांची अब्रू गेली.

"यांच्या रक्तात पहारेकरी फार झालेत," डॉक्टर म्हणाल्या. "परकं काही दिसलं की धावून जातात. शंभर हृदयं आली, तर त्यातली अठ्ठ्याहत्तर यांना चालणार नाहीत. चार बाळंतपणं झालीत ना? बाळात अर्धा वाटा बापाचा असतो. आईच्या रक्तानं तो परका म्हणून लक्षात ठेवला."

"मंजे हे पहारेकरी माह्याइरुद्ध उभे हायेत?" पंजाबरावांनी विचारलं.

"साधारण तसंच म्हणा."

परतीच्या वाटेवर गाडी अन्वर चालवत होता. कापड दुकानदार, पंजाबरावांचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "तीस वर्षं वहिनी तुले उलटून बोलल्या नाहीत. पण रक्तानं सगळं ध्यानात ठेवलं, बे."

मागच्या सीटवर वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, इतक्या की धाप लागली.

"हसू नको, जीव जाईन," पंजाबराव म्हणाले, आणि खामगाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

उपचार सुरू झाले. नागपूरला यंत्रावर रक्त बाहेर काढायचं, त्यातलं पिवळं पाणी पहारेकऱ्यांसकट टाकून द्यायचं, बाकीचं परत अंगात सोडायचं. वरून औषधाच्या बाटल्या. न चालणाऱ्या हृदयांचा आकडा अठ्ठ्याहत्तरावरून एक्केचाळीसवर आला. डॉक्टरांनी बजावलं, "आता मला विचारल्याशिवाय रक्त चढवायचं नाही. कोणाचंच नाही. नाहीतर पहारेकरी पुन्हा जागे होतील."

पंजाबरावांनी ऐकलं. पण त्यांच्या डोक्यात गावची रीत होती. भाऊबंदांत अबोला धरला की एकानं माघार घ्यायची, दुसऱ्याच्या दारी जायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं. अबोला तिथंच संपतो. बांधाच्या भांडणातून दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ त्यांनी असे एका तांब्यावर हसवले होते. मग आपलं रक्त तिच्या रक्ताच्या दारी का जाऊ नये?

त्यातच वच्छलाबाई फिक्या दिसू लागल्या. पंजाबरावांनी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, यादीचं नावही काढलं नाही, "अशक्तपणा हाये" एवढंच सांगितलं. दोघांचा गट एकच. ओळख लावून स्वतःच्याच रक्ताची बाटली त्यांना चढवायला लावली. थेंब थेंब उतरताना ते मनात म्हणत होते, जाय बाप्पा, तिच्या घरी जाऊन बस, चार गोष्टी बोल.

पुढच्या तपासणीत आकडा ब्याण्णव.

डॉक्टर नाजिश कागद उलटसुलट करत राहिल्या. "औषध लागू पडत होतं. मग हे काय झालं? मध्ये रक्त चढवलं का?"

पंजाबराव छताच्या पंख्याकडं पाहू लागले.

"चढवलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कोणाचं?"

"यांचं."

यादीचं काम पाहणारी मयुरी पेन उघडून बसली होती. "मावशी, पूर्ण नाव सांगा. कागदावर 'यांचं' चालत नाही."

तीस वर्षांत वच्छलाबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. पंजाबरावांनी स्वतः सांगावं, तर ते अजून पंख्याचीच पाती मोजत होते. वच्छलाबाईंनी पदर सारखा केला, दम खाल्ला आणि हळू आवाजात म्हटलं:

"अकरा डबे स्टीलचे फळीवर मांडले,
पंजाबरावांचे रक्त माह्या रक्ताशी भांडले."

मयुरीचं पेन खाली पडलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी चुकीचं औषध शोधत बसले असते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. दोन-तीन महिने लागतील. तेवढे दिवस या काळजानं काढायला हवेत."

घरी येऊन पंजाबरावांनी प्रमाणपत्रं भिंतीवरून उतरवली. डब्यांकडं हात गेला.

"डबे कायले काढता? डाळ हाये त्यात."

"माह्यानं चूक झाली, वच्छला. मले वाटलं, माह्यं रक्त तुह्या रक्ताच्या दारी पाणी पिऊन आलं, का अबोला सुटन."

"पाणी प्यायला गेले होते तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण दार ठोठावून तं जावं माणसानं."

त्या दिवसापासून पंजाबराव सकाळी देवापुढं उभे राहत आणि अडखळत. हृदय मागावं, तर कोणाचं तरी घर रिकामं व्हावं लागतं. तसं मागणं ओठावर येईना. म्हणून ते फक्त आकडा मागत. "तीस-चाळीस कर, देवा. पुढचं तुह्यं तू पाह्य."

दोन-तीन महिन्यांनी, शेतातला हरभरा घाट्यावर आला तेव्हा मयुरीचा फोन आला. "मावशी, तेहतीस! आता नागपुरातच खोली घेऊन राहा, कधीही बोलावू. सोबत कोण येणार? नाव लिहायचंय."

पंजाबराव दाराशी कान लावून होते. उखाण्याची वाट पाहत होते.

"पंजाबराव," वच्छलाबाईंनी सरळ सांगून टाकलं. श्वास वाचवायचा होता.

पंजाबरावांनी आत येऊन फळीवरचा अकरावा डबा काढला. "नागपूरले हा नेऊ. यात काय भरू?"

"ज्वारीचं पीठ भरा," त्या म्हणाल्या. "त्यातला रुबाब घरीच राहू द्या."