गढीवरच्या बारात

तो बार कुठं आहे हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं की कुणालाच ठाऊक नव्हतं.

धरणाचं पाणी पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात मैलभर मागं सरतं. त्याच्याबरोबर होडी लागायची जागाही सरकते. गेल्या महिन्यात जिथून माणसं बसत होती तिथं आज नुसता भेगाळलेला गाळ. रस्ता नाही, पाटी नाही, परवाना तर नाहीच. या काठाचे पोलीस म्हणत, ते बेट पैठणच्या हद्दीत येतं. त्या काठाचे म्हणत, छे, नगर जिल्ह्यात. रविवारी मात्र दोन्हीकडचे साहेब तिथं एकाच टेबलावर मासे खायला बसत.

यशोधरा सकाळपासून काठानं हिंडत होती. चपलेला गाळाचे थर चढले होते. मेंढ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं विचारलं, तर त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिकडं बाया जात न्हाईत. आन् ज्या जात्यात त्यांना वाट इचारावी लागत न्हाई."

"माझा बाप हाय तिथं."

म्हातारा थुंकला. मग काठीनं एक वाळकी बाभूळ दाखवली. तिचं खोड निम्मं पाण्यात होतं.

बाप म्हणजे सहादू. एके काळी शेवगावपासून नेवाशापर्यंत सहादूची गायनपार्टी आल्याशिवाय जयंती व्हायची नाही. पेटीवर तो, मागं टाळ घेऊन बायको बनाबाई, आणि तिच्या पदराला धरून कोरसात लहानगी यशोधरा. गाणी त्याची स्वतःची. शाळा दुसरीपर्यंत, पण बाबासाहेबांवर असं लिहायचा की म्हाताऱ्या बाया ऐकता ऐकता डोळे पुसायच्या. पुढं कॅसेटी आल्या. मग वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी जयंतीच्या वर्गणीतून शहरातला ऑर्केस्ट्रा आणला आणि सहादूला स्टेजवर बोलावून नारळ-टोपी दिली. म्हणजे हाकललं. सत्कार करून हाकललं, एवढाच काय तो फरक. त्या रात्री तो प्यायला. वर्षभर पीत राहिला. आणि एक दिवस पेटी उचलून पाण्यातल्या बारात गायला गेला तो आलाच नाही.

बनाबाई संध्याकाळची काठावर जाऊन बसायची. उगवतीचं वारं असलं की बारातल्या भोंग्याचा आवाज पाण्यावरून यायचा. शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. ती पोरीला सांगायची, "पितो तर पिऊ दे. पन गातोय बघ आपलंच. तेच गानं हाय. ते सोडलं न्हाई त्यानं."

कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, तरी तिचं तेच. यशोधरा बेलापूरला दिलेली. आईच्या आजारपणात येऊन राहिली होती. शेवटच्या दिवशी आईनं तिचं मनगट धरलं. "माझ्या जलदानाला दुसरं कुनी गायचं न्हाई. त्यालाच आन. तेच गानं. तू मागं ऱ्हा, माझ्या जागी."

आई गेली, आणि तिच्यामागचा जलदानाचा विधी उद्या होता.

बाभळीखाली कारभारी भोई होडीतलं पाणी डब्यानं उपसत होता.

"कोन पायजे?"

"सहादू शाहीर."

"शाहीर!" तो हसला. "मास्तर म्हन. तिथं मास्तर म्हन्त्यात त्याला. तू कोन?"

"लेक."

कारभाऱ्यानं डबा ठेवला आणि फळीवर तिच्यासाठी जागा केली. मग होडी पाण्यात लोटली. मधे पाणी काळं झालं तसं त्यानं वल्हं थांबवलं.

"हितं तुमचा म्हारवाडा व्हता. बरुबर खाली."

"बुद्धवाडा म्हना."

"बुडाल्यावर काय बी म्हना, बाई."

यशोधरेनं खाली पाहिलं. काही दिसलं नाही. धरण भरलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. गावात पाटलाची गढी उंचावर, म्हणून ती बेट झाली. यांची घरं खाली ओढ्याकाठी, म्हणून ती तळाला गेली. पाण्यानं काही नवीन केलं नाही. होतं तेच ठेवलं.

आता त्याच गढीच्या मातीवर पत्रे ठोकले होते. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या पार पाण्यापर्यंत मांडलेल्या. ज्या चढावर तिच्या आज्याला चपला हातात घ्याव्या लागत, त्या चढावर बिअरच्या रिकाम्या क्रेटी रचल्या होत्या. मालक पाटलाचाच नातू. साखर कारखान्यात डायरेक्टर. सगळे त्याला तात्या म्हणत.

होडी अजून लांब होती, तोच भोंग्यातून चाल आली.

तीच. पेटीची ती चढती सुरावट, ढोलकीचा तो अडखळून धरलेला ठेका. यशोधरेच्या अंगावर काटा आला. आई खोटं बोलत नव्हती. दारुड्यांच्या घोळक्यात बसून बाप बाबासाहेबांचं गातोय! वाईट जागा, पण गाणं चांगलं. वस्तीला ती हे ठणकावून सांगणार होती. वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या आक्काबाईला, त्या ऑर्केस्ट्रावाल्यांना, सगळ्यांना. मनातल्या मनात तिनं आईचा टाळ हातात घेतलासुद्धा.

गाणं सोपं होतं. पुढचा विचारायचा, मागच्यांनी सांगायचं.

*तळं भरल्यालं, व्हट सुकल्यालं, ओंजळीत पानी दिलं कुनी?*

आणि मागून बनाबाई, यशोधरा, सगळी वस्ती: *माझ्या भीमानं दिलं गं, माझ्या भीमानं!*

होडी काठाला टेकली. भरदुपारी पत्र्याखाली तापलेली माणसं, तळलेल्या माशांचा वास, आणि मधोमध चटईवर सहादू. केस काळे केलेले, अंगात चमकीचं जाकीट.

"*ओंजळीत पानी दिलं कुनी?*"

दोघं-तिघं ग्लास वर करून ओरडले. बाकीचे खाण्यात दंग. तेव्हा सहादूनंच गळा ताणून उत्तर भरलं,

"*आमच्या तात्यांनी दिलं हो, आमच्या तात्यांनी!*"

तात्यानं मान डोलावली.

यशोधरा पाण्यात एक पाय आणि चिखलात एक पाय अशी उभी राहिली. सहादूनं तिला पाहिलं. बोटं थांबली नाहीत. सगळी कडवी त्यानं म्हटली, प्रत्येक कडव्याशेवटी तेच नाव घातलं, नीट बसवलेलं, मात्रेला मात्रा जुळवलेलं. कारागीर माणूस. वाईट कामसुद्धा वाकडं करत नव्हता.

गाणं संपल्यावर तो उठून आला. तोंडाला वास होता.

"यशे, हितं कशाला आली गं?"

"आई गेली, दादा."

त्यानं जाकिटाची गुंडी उगाच काढली, लावली. मग म्हणाला, "कवा?"

"सोमवारी. काविळीनं."

"आन् मला कळवलं न्हाई?"

"इथं पोस्टमन येतो व्हय?"

तो तिथंच चिखलात बसला. जाकिटाच्या चमक्या उन्हात नुसत्या लुकलुकत होत्या. यशोधरेला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या डोक्यावर सावली धरावीशीही वाटली. तिनं दोन्ही केलं नाही.

"ती रोज काठावर बसायची," ती म्हणाली. "म्हनायची, आपलंच गातोय."

सहादू पायाला लागलेला गाळ नखानं खरवडू लागला.

"नाव कधी बदललं, दादा?"

"पोट कधी बदलतंय?" तो खालीच बघत म्हणाला. "तिथं माझी गानी कोन ऐकत व्हतं? नारळ दिला हातात. हे निदान ऐकत्यात तरी."

"उद्या जलदान हाय. तिनं तुमचंच नाव घेतलंय. चला."

"तात्यांना इचारतो."

तात्या वाईट माणसासारखा दिसत नव्हता. असली माणसं दिसत नाहीतच. गोरा, हसरा, पुण्याच्या दोन पाहुण्यांना स्वतःच्या हातानं माशाचे काटे काढून देत होता. त्यानं ऐकलं, च् च् केलं.

"अरं जा की, मास्तर! मी काय बांधून ठिवलंय तुला? बायको गेली म्हंजे गेलंच पायजे मानसानं." मग पाहुण्यांकडं बघत, "ही ह्याची पोरगी. लहानपनी कोरसात असायची म्हनं. असं कर मास्तर, पावन्यांसाठी एकदा तेच होऊ दे, पोरीसंगं. मग कारभारी सोडील तुमाला."

यशोधरेनं होडीकडं पाहिलं. कारभारी वल्हं मांडीवर घेऊन तात्याच्या हाताकडं बघत होता. हात हलल्याशिवाय ते वल्हं हलणार नव्हतं. चारी बाजूंनी पाणी.

"मला गाता येत न्हाई," ती म्हणाली.

"अगं, एवढंच तर म्हनायचं. आमच्या तात्यांनी!" एक पाहुणा हसला. "सोपं हाय."

सहादू पेटीशी जाऊन बसला. तिनं मागं बसावं म्हणून त्यानं चटईवरची धूळ हातानं झटकली, अगदी लहानपणी झटकायचा तशी. ती बसली.

"*दिलं कुनी?*"

ती गप्प. बापानं स्वतःच उत्तर भरलं.

"पोरगी मुकी हाय काय रं?" कुणीतरी ओरडलं. तात्या हसतच होता, पण त्यानं घड्याळात पाहिलं. सहादू मागं वळला. त्याच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती. उद्या यायचंय ना मला, असं ते डोळे म्हणत होते.

"*दिलं कुनी?*"

"*आमच्या तात्यांनी,*" यशोधरा म्हणाली.

"जोरात!"

ती जोरात म्हणाली. आईनं शिकवलेल्या आवाजात, आईनं शिकवलेल्या जागी श्वास घेऊन. तळावरचा बुद्धवाडा ऐकत असेल तर त्यानंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीत पांढऱ्या कापडाचा मांडव होता. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, खाली बनाबाईचा, पुढं मेणबत्त्या. सहादू केसांचा रंग धुऊन आला होता. नीट गेला नव्हता, कानामागं काळा ओघळ राहिला होता. सकाळपासून त्यानं दारूला हात लावला नव्हता, म्हणून बोटं थरथरत होती. तरी लोक सरकले, त्याला जागा दिली. आक्काबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आला बाबा. बनाचं ऐकलं बग."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. यशोधरा टाळ घेऊन बापाच्या मागं, आईच्या जागी बसली. पेटी वाजली. आवाज अजून तसाच होता, लांबवर जाणारा. पहिल्या ओळीलाच बायांनी पदर डोळ्यांना लावले.

"*तळं भरल्यालं, व्हट सुकल्यालं, ओंजळीत पानी दिलं कुनी?*"

मागून पहिला आवाज यशोधरेचा उठायचा, मग वस्तीचा. अशीच रीत. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं श्वास घेतला आणि तो श्वास कालच्या जागी अडकला. खरं नाव येतच होतं ओठावर. पण त्या नावाच्या पुढ्यात कालचा शब्द पाय रोवून बसला होता. बोलले आणि तोच आला तर? ती गप्प राहिली. काल गप्प राहायचं होतं तेव्हा राहिली नाही, ती आज राहिली.

सहादू थांबला नाही. कोरस आला नाही की उत्तर आपण भरायचं, ही त्याच्या गळ्याला रोजची सवय. डोळे मिटलेले, समोर बायकोचा फोटो, आणि गळा ताणून तो गायला,

"*आमच्या तात्यांनी दिलं हो...*"

ढोलकीवाला थांबला. पेटीचा भाता हळूहळू हवा सोडत बसला. सहादूनं डोळे उघडले तेव्हाही त्याला कळलं नव्हतं. कळलं ते लोकांच्या तोंडांकडं बघून.

कुणी मारलं नाही त्याला, शिवीही दिली नाही. ज्यांनी नारळ देऊन हाकललं होतं तेही गप्प. आक्काबाई म्हणाली, "ऊठ, सहादू."

तो उठला. पेटी तिथंच ठेवली. यशोधरेकडं त्यानं पाहिलं, आणि तिला वाटलं, आता हा सांगेल, पोरीनं सूर दिला नाही म्हणून झालं. काल हीही गायली हे सांगेल. त्यानं काही सांगितलं नाही. मांडवाच्या बाहेर गेला, काठाच्या वाटेला लागला. तिनंही तोंड उघडलं नाही. बाप एकटा नासलाय असं वस्तीला वाटलं आणि तिनं तसं वाटू दिलं.

संध्याकाळी उगवतीचं वारं सुटलं. यशोधरा आई बसायची तिथं जाऊन बसली. भोंगा सुरू झाला होता. त्याला तिकडं दुसरी पेटी मिळाली असावी. पाण्यावरून चाल येत होती, स्वच्छ. शब्द नव्हते. ओळ चढत जायची, प्रश्नाशी थांबायची, आणि मग पुढचं काहीच कळायचं नाही.

आईला एवढंच ऐकू यायचं. एवढ्यावर ती जगली.

यशोधरेनं पदर कानांवर घट्ट ओढून घेतला. चाल येतच राहिली, आणि दर खेपेला त्या जागेशी तिचे ओठ आपोआप हलत होते.