पहिलं जेवण

सहा डिसेंबरसाठी गावोगावहून येणाऱ्या लोकांना नाहूरच्या आमच्या विहारात उतरायला जागा देतात. यंदा पाहुण्यांची सगळी व्यवस्था मी हट्टाने मागून घेतली. मी माधुरी, महापालिका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. "बाई, पाहुणे आहेत ते, चौथीचा वर्ग नाही," असं विहाराच्या सेक्रेटरीने, सुयोगने, मला आधीच ऐकवलं होतं. तरी मी स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावलीच : पाहुण्यांनी आत येऊ नये, कामाला हात लावू नये.

मी आठ वर्षांची असताना आई मला घेऊन हिंगोलीहून चैत्यभूमीला आली होती. दोन दिवस आम्ही फुटपाथवर बसून वाळलेली भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. कधी आपल्या हातात कारभार आला तर आल्या माणसाला गरम जेवू घालायचं, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलं होतं.

चार तारखेला सकाळी अकराच्या सुमारास वाशीमकडच्या एका गावातले चाळीस जण आले. पहाटेपासून खपून आम्ही चौघींनी वांग्याची भाजी, वरणभात, पोळ्या आणि शिरा तयार ठेवला होता. मंडळी हातपाय धुऊन हॉलमध्ये पंगतीने बसली आणि मी ताटं घ्यायला वळते तोवर सगळ्यांनी आपापली गाठोडी सोडली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

"बाई, वाट लागली ना!" सुयोग धावत आत आला. "एकही माणूस आपलं ताट घेत नाहीये!"

माझं डोकं फिरलं. पदर खोचून मी बाहेर गेले. त्यांचे म्होरके कुंडलिकबाबा पहिल्याच ओळीत होते.

"काय हो बाबा, आमच्या जेवणात काही खोट आहे का?"

बाबा हात जोडून उभे राहिले. "रागावू नका, ताई. आमचे पहिले लोक आले तवा मुंबईत वळखीचं कोणी नोतं. कोणाच्या दारात हात पसरायचा नाई, मुंबईतलं पहिलं जेवण घरच्या हातचंच, असं त्यायनं ठरवलं. आमी ते मोडत नाई. तुमचं उद्या खातो ना. ठेवा झाकून."

म्हणजे आज त्यांनी शिळं खायचं आणि उद्या मी शिळं वाढायचं! चौतीस वर्षं वर्ग गप्प केले, पण हा वर्ग काही ऐकणारा नव्हता. खरं सांगायचं तर रडूच यायला लागलं. त्यात पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"सरका जरा," मी बाबांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, सोनूबाईंना म्हणाले आणि पंगतीतच मांडी घातली. "भूक लागलीय मला. तुमची भाकरी द्या."

सोनूबाई खूश झाल्या. अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि थबकल्या. "पाहुण्या माणसाले कोरडी भाकर कशी द्यावी?" असं म्हणत त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"अवं, पाटी वाच!" बाबा ओरडले.

"वाचली!" आतून उत्तर आलं.

वांग्याच्या भाजीची बादली, डाव आणि एक ताट घेऊन त्या परतल्या. मला ताटभर भाजी वाढली. मग हातातल्या डावाकडे बघत नवऱ्याला म्हणाल्या, "मी वाढलं म्हंजे घरच्या हातचंच झालं का नाई?"

सगळी पंगत बाबांकडे बघायला लागली. बाबांनी डोकं खाजवलं, वासाने असेल, एकदा बादलीत डोकावले आणि आपली भाकरी कागदासकट भाजीसाठी पुढे सरकवली.

झालं! पाच-सहा बायका उठून आत घुसल्या. कोणी भात आणला, कोणी पोळ्या, कोणी सुयोगच्या हातातून वरणाची बादली काढून घेतली. ज्या पाटीचा मला एवढा अभिमान, तिनेच चाळीस माणसांना गरम जेवणापासून लांब ठेवलं असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गरम भाताच्या वाफा निघत होत्या, हसण्याचा गलका चालला होता आणि आई आत्ता इथे हवी होती असं मला फार वाटलं.

मी वाढायला उठले, तर सोनूबाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तुमी बसा. आमच्या पंगतीच्या पाहुण्या हाये तुमी. शिरा वाढू का?"

"वाढा," मी डोळे पुसत म्हणाले, "आणि हात आखडू नका."