भगवान गमऱ्यांचा माफीनामा

भगवान गमरे गेले ते अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, छातीच्या दुखण्यानं. वय चोपन्न. दवाखान्यातून घरी आणलं, घरून नेलं, सगळं एका दिवसात आटपलं. त्यानंतरचे दहा दिवस त्यांची मुलगी अरुणा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नुसता चहा करत राहिली. वाशीतल्या ज्या ऑफिसात ती टायपिस्ट होती तिथून पंधरा दिवसांची रजा मिळाली होती, पण रजेतही पाठ टेकायला सवड नव्हती. आई, चांगुणाबाई, भिंतीला टेकून बसायची आणि कुणी आलं की तेच तेच सांगायची. शेवटी ताप नव्हता, शेवटी ओळखत होते, शेवटी पाणी मागितलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या मंडळाचे चिटणीस सुधीर जाधव आले. दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, उद्या वंदना झाली की दोन शब्द लागतील. मिलिटरीवाल्या गमऱ्यांचा जीवनपट. पानभर पुरे. गाव, जन्म, फौज, नोकरी. तुमचंच वाचन बरं वाटेल लोकांना."

"लिहिते," अरुणा म्हणाली. नाही म्हणायला लागणारं बळही तिच्यात नव्हतं.

दुपारी आई डोळा लागून पडली तेव्हा ती कागद घेऊन बसली. गाव मंडणगड तालुक्यातलं. चोपन्न साली महार रेजिमेंटमध्ये भरती, एकोणसत्तरला नाईक म्हणून घरी. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली ती बासष्टला. सत्तर साली बायको आणि सहा वर्षांची पोर घेऊन तुर्भ्याला आले आणि एका रंगाच्या कारखान्यात दरवान म्हणून लागले. एवढं दहा ओळींत संपलं. पुढची अठरा वर्षं "इमानेइतबारे सेवा केली" असं लिहून उरकता आली असती. लोक तसंच लिहितात. तिनं तसं लिहिलंही, आणि पेन बंद करून ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसली.

तुर्भ्याला तेव्हा वस्ती विरळ होती. डोंगर फोडून खडी काढायचे, तिची धूळ आणि कारखान्यांचा धूर एकाच आभाळात मिसळायचा. भगवान सकाळी बुटांना पॉलिश करायचे, खाकी घालायचे आणि गेटवर जाऊन ताठ उभे राहायचे. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम. साहेबांच्या गाडीला तर होताच, पण बर्फाच्या लाद्या आणणाऱ्या टेम्पोलाही. कामगार हसायचे. ते म्हणायचे, "हात वर करायला माजं काय जातंय."

अरुणा त्यांचा डबा घेऊन जायची. शाळेतून आली की दप्तर टाकायचं, डबा उचलायचा. तिला ते आवडायचं, कारण तिलाही सलाम मिळायचा.

एकोणऐंशीचा मे महिना. कारखान्याच्या मागच्या अंगाला पॅकिंगची शेड होती, तिथं ठेकेदाराच्या अकरा बायका पावडर पोत्यांत भरायच्या. माल चोरीला जातो म्हणून पाळी चालू असताना शेडला बाहेरून कुलूप असायचं. चावी दरवानाकडे, आणि चिठ्ठी आणल्याशिवाय कुलूप काढायचं नाही असा नियम. त्या दिवशी दुपारी शेजारच्या शेडमधला एक पाइप फुटला. पिवळट धूर जमिनीलगत पसरत पॅकिंगकडे सरकला. सुपरवायझरनं गेटवरच्या फोनवरून साहेबांना कळवलं आणि फोन ठेवून भगवानना सांगितलं, "साहेब निघालेत. ते येईपर्यंत कुलूप काढायचं नाही. बायका रस्त्यावर पळत सुटल्या तर उगाच बोभाटा होईल. हुकूम आहे."

भगवान जागेवर उभे राहिले. आतून पत्र्यावर हात आपटल्याचे आवाज येत होते. मग ते चालत गेले. पळाले नाहीत, असं बघणारे सांगत. त्यांनी कुलूप काढलं. बायका तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला खोकत बसल्या. दोघींना उभं राहता येईना, तर भगवाननी खडीचा एक ट्रक अडवला आणि दोघींना दवाखान्यात धाडलं. अर्ध्या तासात धूर विरला. साहेब तासाभरानं आले.

कुणी मेलं नाही, आणि तेच भगवानांच्या अंगावर आलं. काही झालंच नव्हतं, दरवानानं विनाकारण घबराट केली, हुकूम मोडला, गेट सोडलं. हातात मेमो पडला. लेखी माफी द्या, नाहीतर घरी बसा. त्या अकरा बायकांचं काम ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी बंद केलं.

भगवानना फौजेत रोमन लिपीतलं हिंदी शिकवलेलं. मराठी वाचता यायचं, पण लिहायला फार वेळ लागायचा. त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरी होते. चटईवर मांडी घालून बसले आणि अरुणाला म्हणाले, "बाय, तुजं अक्षर चांगलं. कागद घे."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मी, भगवान सखाराम गमरे, दरवान. माझ्याकडून वरिष्ठांच्या हुकमाचा भंग झाला. ती माझी चूक आहे.

इथं तिनं पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षांची होती. "चूक तुमची नाही. मी नाही लिहिणार."

"लिही."

"त्या मेल्या असत्या, बाबा."

"असत्या. म्हनून तर काडलं कुलूप."

"मग चूक कसली?"

चुलीपाशी आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. मग भगवान, रेशनची रांग किती मोठी होती हे सांगावं तशा आवाजात बोलू लागले.

"आमच्याबरोबर दत्तू म्हनून होता. दापोलीकडचा. बासष्टला वर बर्फात होतो आमी. हुकूम आला, टेकडी सोडा नि खाली उतरा. दत्तूच्या मांडीत गोळी होती. सुभेदार बोलले, चालता येतंय तेवड्यांनीच चला. मी पान्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली, माजी घोंगडी त्याला घातली नि उतरलो. तो काय बोलला नाय. नुस्ता बगत होता."

अरुणानं खाली ठेवलेलं पेन उचललं.

"हुकूम पाळला ना मी," भगवान म्हणाले. "त्याच्याबद्दल मला कोनी मेमो दिला नाय. ह्याच्याबद्दल दिला. चालायचंच. तुजी दाव्वी हाय पुडच्या सालाला. लिही. पुना अशी चूक होनार नाय, असं लिही."

तिनं लिहिलं. त्यांनी खाली सावकाश सही केली.

चार दिवसांनी ती डबा घेऊन गेली तेव्हा गेटजवळच्या नोटीस बोर्डावर तो कागद लावलेला होता. सगळ्यांनी वाचावा म्हणून. बोर्ड भगवानांच्या खुर्चीच्या बरोबर वर होता. तिचं वळणदार अक्षर, तिनं जपून काढलेल्या वेलांट्या, आणि खाली बाबा ताठ बसलेले. तिला बघून त्यांनी सलाम केला. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि मागं न बघता निघून आली. पुन्हा कधी डबा द्यायला गेली नाही. पुढं टायपिंगच्या क्लासला गेली, त्यामागं आपलं अक्षर पुन्हा कुठं दिसू नये हेही एक कारण होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

भगवानना त्यानंतर मागच्या गेटवर टाकलं, जिथं ट्रक वजनाला लागायचे. तिथं नऊ वर्षं धूळ आणि डिझेलचा धूर. खोकला जडला तो तिथलाच. घरी आले की हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. अरुणा बोलायची ती कामापुरतं. ती रागावली होती असं नव्हे. त्यांच्याकडे बघितलं की तो कागद दिसायचा, आणि मग बोलणंच नको वाटायचं. रोज तसं करता करता नऊ वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर मंडप बांधला. लोक पांढऱ्या कपड्यांत येऊन बसले. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं, फोटोला फुलं वाहिली. जाधवांनी अरुणाचं नाव पुकारलं. ती उठली आणि वाचू लागली. गाव, जन्म, भरती, बर्फात गेलेली बोटं. इमानेइतबारे सेवा या ओळीपाशी आली आणि तिला पुढं वाचवेना. कागद खाली करून ती म्हणाली, "एकोणऐंशी साली बाबांनी कारखान्यात माफी लिहून दिली. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती बोर्डावर वाचली असेल. ते अक्षर माझं होतं. बाबांची चूक नव्हती. मला एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली. जाधव घसा खाकरून उठायला लागले, एवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई उभी राहिली. साठीला टेकलेली, काळीसावळी, हातात कापडी पिशवी. नऊवारी गुडघ्याशी आवळून नेसलेली.

"माजा नाव पुतळा. मी उरनची," ती म्हणाली. "त्या शेडमदी मी व्हते. ह्यानी कुलूप खोललं म्हनून मी हाय. पन मना येगला सांगाचा हाय. आमचा काम गेला ना, तवा ह्यो मानूस माझ्या घरा आला. सुट्टीच्या दिशी, यश्टीनं, पत्ता इचारत इचारत. मना बोल्ला, माझ्यामुलं तुमचा काम गेला, माफ करा. मी बोल्ले, आवो जीव वाचवलाव नि माफी कसली मांगताव? तरी हात जोरले. अकराबी जनींच्या घरा जाऊन आला ह्यो. आमी मागून एकमेकींना इचारला."

बोलून झाल्यावर ती तशीच खाली बसली, जणू तिला पुढची बस गाठायची होती. मंडपात थोडी कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या कामगारानं मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. मग जेवणं झाली.

चारच्या सुमारास अरुणा पुतळाबाईला नाक्यापर्यंत सोडायला गेली. ट्रकांची रांग लागली होती. दोघी कडेकडेनं चालत होत्या.

"मावशी, अजून काय बोलले ते?"

"काय नाय गो. पानी पिला. पोरगी हाय बोल्ला, तिचा अक्षर लय चांगला हाय."

उरणची बस आली तेव्हा अरुणानं पुतळाबाईच्या हातातली पिशवी वर दिली आणि बस निघेपर्यंत थांबली.

घरी आली तर पाहुणे गेले होते आणि आई एकटीच पातेली घासत बसली होती. अरुणानं विचारलं, "बाबा त्या बायकांच्या घरी जायचे, तुला ठाऊक होतं?"

"मीच भाकऱ्या बांधून द्यायची," चांगुणाबाई म्हणाली. "पाच-सा महिने प्रत्येक सुट्टीला जात होते. एक उरनला, एक बेलापूरकडं, दोगी तर पार पनवेलच्या पुडं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलत कुटं व्हतीस तवा?" आई म्हणाली. त्यात राग नव्हता. तीही दमली होती.

अरुणानं पदर खोचला, आईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तिला आत जाऊन पडायला सांगितलं. आई उठली नाही. पाण्याची बादली जवळ ओढून धुतलेली भांडी पालथी घालत तिथंच बसून राहिली. मंडपवाले बांबू सोडवत होते. बरीच भांडी होती.