एकगठ्ठा

"परत आला? सगळाच्या सगळा?" ऋत्विक सरांनी खुर्चीतून न हलताच विचारलं.

"सगळाच," नमिता म्हणाली.

रोह्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात कामगारांची वार्षिक तपासणी झाली होती. तिचे आकडे विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून डेटाबेसच्या टेबलात चढवायचं काम नमिताचं. पूर्वी एकेक ओळ चढायची, मुंगीच्या चालीनं. यंदा सरांनी एकगठ्ठा चढवायची सोय मागून घेतली आणि शोध आपणच लावल्यासारखे आठवडाभर मिरवले. त्या गठ्ठ्याचा स्वभाव मात्र त्यांना ठाऊक नव्हता. एक ओळ नासकी निघाली की अख्खा गठ्ठा दारातूनच माघारी.

नासक्या ओळी पावडर शेडच्या होत्या. शेडची पाळी आली त्या दिवशी श्वास मोजायचं मशीन बंद पडलं, म्हणून त्या माणसांच्या आकड्याची जागा रिकामी. टेबलाला अट होती: श्वासाचा आकडा नसेल तर 'फिट' लिहू द्यायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये फिट-अनफिट ठरवणाऱ्या सरांच्या सूत्राला असली लाज नव्हती. जो अनफिट नाही तो फिट. या न्यायानं भिंतीवरची पालसुद्धा फिट ठरली असती.

"सर, आकडे आहेत तेवढे चढवते. शेडवाल्यांना परत फुंकायला बोलवा."

"अगं, उद्या ऑडिट आहे. शेड बंद ठेवून फुगे फुंकत बसायचं का? ती अट बंद कर, लोड कर, मग परत चालू कर. बेसिक आहे."

'बेसिक' हा त्यांचा लाडका शब्द. पुण्याहून येताना डिग्रीबरोबर तेवढाच घेऊन आले होते. बाकीचं सामान वाटेत पडलं असावं.

ती बाहेर पाणी प्यायला गेली, तर कूलरपाशी महिपती उभा. पावडर शेडचाच, खाडीकडचा माणूस. घरच्यांचं मिठागर सुटलं तेव्हापासून ठेकेदाराकडे लागलेला.

"मॅडम, माझा आला का ओ निकाल?"

"महिपतीदादा, तुम्ही फुंकलंच कुठे?"

"मशीन बंद होती. परत बोलावतो म्हणले, नाय बोलावला." पुढचं बोलण्याआधी त्याला भिंतीला हात लावून खोकावं लागलं. "अनफिट नको लावू गो बाय. अनफिट लागला का ठेकेदार गेटच्या भायेर काढतो."

"अहो, पण छातीत काय आहे ते कळेल तरी!"

"कलून काय करू?"

तिला त्याचाही राग आला. स्वतःच्या छातीबद्दल इतकं बेफिकीर कोणी असतं का! तेवढ्यात पेणहून सासूबाईंचा फोन आला. पिंकीचं अंग कढत लागत होतं. "तुझा कॉम्प्युटर आटपला का गो? पोर आई आई करून रडतेय."

ती आत आली तेव्हा सर संत्रं सोलत होते. "नमिता, तुझं काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यूला आहे ना?" चहात साखर किती, असं विचारावं तशा सुरात म्हणाले आणि फोड तोंडात टाकली.

नमितानं अट बंद केली. गठ्ठा पुढे ढकलला. पापणी लवेपर्यंत सगळा आत, स्क्रीनवर 'यशस्वी'ची हिरवीगार ओळ. मग अट परत चालू केली. आता ती फक्त नवीन येणाऱ्या ओळींना अडवणार होती. आत शिरलेल्यांना कोणी विचारणार नव्हतं.

"बघ! उगाच टेन्शन घेतेस," सर म्हणाले. बोटांना लागलेला संत्र्याचा रस त्यांनी तिच्याच टेबलावरच्या कागदाला पुसला.

कसला हा माणूस, असं गाडीत बसल्यावर तिनं पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. नागोठणं गेलं तरी समाधान होईना. त्या माणसाला निदान कळत तरी नव्हतं.

घरी आल्या आल्या तिनं पिंकीच्या छातीला कान लावला. श्वास स्वच्छ होता. तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

पोरीचा ताप सकाळी उतरला. नमिता कारखान्यावर पोचली तेव्हा महिपती गेटपाशी वाट बघत होता, हातात कागदाची पुडी.

"फिट आलो, मॅडम!"

"परत फुंकायला लावलं का?"

"नाय ओ. कशाला? कॉम्प्युटरच बोलला ना, फिट हाय म्हणून." त्यानं पुडी पुढे केली. "पोह्याचे पापड हायत. बायकोनं दिलेत. पोरीला भाजून द्या."

तिनं घेतली. घ्यायला हात कसा पुढे झाला, तिला कळलं नाही.

महिपतीनं नाकातोंडाला रुमाल बांधला आणि शेडचा लोखंडी जिना चढू लागला. अर्ध्यावर थांबला. कठडा धरून वाकला, खांदे वरखाली होत राहिले. मग खाली उभ्या नमिताकडे त्याचं लक्ष गेलं, तसा तो ताठ झाला आणि सगळं ठीक असल्याची खूण म्हणून त्यानं हात वर केला.

नमितानंही केला.