कोरडे हात

रंगुबाईनं मेंढी बंधाऱ्याच्या पाण्यात ओढली आणि काठावरच्या पाहुण्याला म्हणाली,

“बूट काढा आन् या आत. उद्या मेंढरं कातरायची हायती, आज धुवाय नगंत व्हय? धुताधुता बोलू.”

दिग्विजय पुण्याहून आला होता. फोनच्या कंपनीत फोनची घडण ठरवणं हे त्याचं काम. बटणांचे फोन बंद केल्यापासून कंपनीची जुनी गिऱ्हाइकं तुटत होती, ती का, ते विचारत तो वडूजच्या माळावर हिंडत होता.

“येतो, मावशी. फक्त एक फोन येणार आहे. बायकोला साताऱ्यात दवाखान्यात ठेवलंय. पहिलंच बाळंतपण, डॉक्टर म्हणाले जरा अवघड आहे.”

“मग या की,” रंगुबाई म्हणाली. तिला लय बरं वाटलं.

गेल्या साली ह्याच बंधाऱ्यात दगड ढासळून तिच्या नवऱ्याचा, धुळाचा, पाय अडकला होता. बटणांचे फोन आता येत नाहीत म्हणून दुकानदारानं ह्याच कंपनीचा काचेचा फोन तिच्या गळ्यात मारला होता. मदतीला फोन लावायला गेली, तर ओल्या बोटांना ती मेली काच काही दाद देईना, आणि पुसायला अंगावर कोरडी चिंधी नव्हती. तासाभरानं वाटेवर एक दूधवाला भेटला. धुळाचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तेव्हापासून तो एकच म्हणायचा, “जाऊ दे, झालं ते झालं.” आताही तो कुबडी बाजूला ठेवून काठावर बसला होता. रंगुबाईनं मात्र वर्षभर त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली होती, आणि आज कंपनीचा माणूस आपल्या पायांनी चालत आला होता.

“बटणं काढायचं कुणी ठरीवलं?” तिनं विचारलं.

“आम्हीच. काच दिसायला छान दिसते.” दिग्विजय मेंढीशी झटत म्हणाला.

“व्हय. दिसाय लय झ्याक.”

तिसऱ्या मेंढीला फोन वाजला. तोवर तो नखशिखांत भिजला होता. त्यानं काचेवर बोट ओढलं, पुन्हा ओढलं, शर्टाला पुसलं. शर्टातूनच पाणी गळत होतं. फोन वाजून थांबला आणि लगेच परत वाजू लागला.

रंगुबाई बघत होती. हे असलं तोंड बघायला ती वर्षभर थांबली होती. डोळे भरून बघितलं. मग काचेवर त्याच्या बायकोचा हसरा फोटो दिसला, आणि तिनं हातातली मेंढी सोडून दिली.

“आवं,” तिनं धुळाला हाक मारली, “तुमचं हात कोरडं हायती. घ्या की त्यो फोन.”

दिग्विजय धडपडत त्याच्यापाशी गेला.

“मामा, एवढं बोट ओढा. लवकर!”

धुळानं फोनकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. सावकाश वाकून त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले आणि गळते हात त्याच्यापुढं धरले.

“माजंबी वलंच हायती, सायेब.”