पन्हळीतली पानं

ऑर्विल हॅस्केलच्या अंगणात पडायला पानंसुद्धा कचरतात, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि ते फार खोटं नव्हतं. पुढच्या दारी मेपलची तीन थोराड झाडं असूनही ऑक्टोबरच्या कुठल्याही संध्याकाळी त्याचं गवत विंचरल्यासारखं दिसे. त्र्याहत्तराव्या वर्षीही हा माणूस दिवसातून दोनदा दाताळं घेऊन बाहेर पडायचा. पानं ओढत रस्त्याच्या कडेला न्यायची, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी गावाची गाडी येते, जाड नळीनं सगळे ढीग गिळते आणि निघून जाते. वर्षातून एकदाच. त्या दिवशी ज्याचं अंगण अर्धवट राहिलं, त्याच्याकडे ऑर्विल हिवाळाभर वाकड्या नजरेनं बघायचा.

बायको मेव्ह अगदी उलट. हा ऋतू साजरा करायला तिला काही लागायचंच नाही. उन्हात पायरीवर बसायचं, मांडीवर घोंगडी, हातात सफरचंदाचा गरम रस, शेजारी बशीत साखरेत घोळलेला डोनट. आणि नवऱ्यानं ढीग रचला रे रचला, की त्यातून मुद्दाम पाय ओढत चालायचं.

"मेव्ह, आत्ताच गोळा केलीत गं!"

"मग पुन्हा कर. तुला दुसरं काम काय आहे?"

सेहेचाळीस वर्षं हेच चाललं होतं.

यंदा मात्र सप्टेंबरपासून ती इस्पितळात होती. ऑक्टोबर सरत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उपचारांत अर्थ नाही, घरी न्या. दोन आठवडे, फार तर तीन. ऑर्विलनं मान हलवली, गाडीत येऊन बसला आणि किल्ली फिरवायचंच विसरला. काय करावं ते त्याला सुचेना. जे त्याला येत होतं तेच त्यानं केलं. मेव्ह मंगळवारी दुपारी येणार होती. गेल्या वर्षी ती ओल्या पानांवरून घसरली होती, खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं होतं. यंदा तिच्या चाकांच्या खुर्चीखाली एकही पान येता कामा नये. इस्पितळाच्या फेऱ्या सांभाळून तो दोन दिवस राबला. कुंपणाच्या झुडपांखालची पानं तर त्यानं गुडघ्यांवर बसून हातानं वेचली. मंगळवारी सकाळी गाडीनं सगळं नेलं. मेपल आठवड्यापूर्वीच उघडेबोडके झाले होते.

दुपारी मेव्हची खुर्ची अंगणात आली. तिनं सोबतच्या नर्सला थांबायला सांगितलं आणि इकडे-तिकडे बघत राहिली. शाबासकी मिळेल म्हणून ऑर्विल बाजूला उभा.

"पानं कुठायत रे?"

"सकाळीच नेली. म्हटलं, तू घसरू नयेस."

"तिकडे छताकडे बघत पडले होते ना, तेव्हा रोज हेच मनात घोकत होते. घरी जाईन आणि दोन पावलं पानांतून चालेन. मला दोन्हीकडून धरायचं, असं या नर्सशी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं." ती जरा हसली. "जाऊ दे. तुला काय ठाऊक."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ऑर्विलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला पलंगावर निजवून तो शेजारी जोनी पिट्सकडे निघाला. जोनीच्या अंगणातली पानं उडून आपल्याकडे येतात म्हणून त्यानं दहा वर्षं तिचं डोकं खाल्लं होतं. गेल्या हिवाळ्यात तर गावाच्या कचेरीत तक्रारही केली होती. बाकी सगळ्यांची अंगणं आज स्वच्छ असणार, पण जोनीच्या आळसावर त्याचा पूर्ण भरवसा होता. उंच कुंपणाला वळसा घालून तो पुढे आला आणि जागीच थबकला. अंगण लख्ख होतं.

"काय, तपासायला आलात?" जोनी दारातूनच म्हणाली. "या, या! नोटीस फ्रिजवर चिकटवून ठेवलीय तुमची. काल रजा काढून झाडलं मी. पाठीचे पार तीनतेरा वाजले. एक पान शोधून दाखवा!"

"तेच शोधतोय," ऑर्विल म्हणाला.

मग त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं. जोनी पायरीवर बसली.

"अरे देवा. आणि मला नेमकी यंदाच अक्कल सुचायची होती." तिनं मान वर करून छपराकडे पाहिलं. "पन्हळी! छपराच्या पन्हळी मी जन्मात साफ केल्या नाहीत. त्यांची तक्रार कशी केली नाहीत तुम्ही?"

"नोव्हेंबरात करणार होतो."

जोनीनं शिडी धरली आणि ऑर्विल वर चढला. पन्हळीत तळाला काळा चिखल होता, पण वरच्या थरात यंदाची लाल पानं निघाली, दोन बादल्या भरून. सगळी ओलीचिंब. ओलं पान पायाखाली वाजत नाही. ऑर्विलनं ती स्वयंपाकघरात नेली, मेव्हच्या बिस्किटांच्या ट्रेवर एकेक करून पसरली आणि ओव्हन मंद आचेवर लावला. घरभर जंगलाचा वास सुटला.

"काय जाळतोयस रे?" आतून आवाज आला.

"काही नाही. पडून राहा."

उन्हं कलायच्या आत त्यानं ती पानं तिच्या पलंगाभोवती, गालिच्यावर अंथरली. मेव्हनं हात पुढे केले. एकीकडून नर्सनं धरलं, दुसरीकडून जोनीनं. ती उठली, पण पायांनी साथ दिली नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग ती स्वतःच मागे टेकली.

"तू चाल," ती ऑर्विलला म्हणाली. "मोज्यांनी नको, बूट घाल."

पायपुसणं ओलांडून घरात बूट आणणाऱ्याशी आयुष्यभर भांडलेला तो माणूस बूट चढवून आला आणि चालू लागला.

"पाय उचलू नकोस. ओढ."

त्यानं पाय ओढले. पानं चुरचुरली. मेव्हनं डोळे मिटले. पलंगाच्या या बाजूनं त्या बाजूला, पुन्हा या बाजूला. "अजून," ती म्हणत राहिली. मग म्हणेनाशी झाली, झोप लागली होती. ऑर्विल थांबला नाही. थांबलं की ती जाईल, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं. पानांचा भुगा होऊन आवाज येईनासा झाला, तेव्हा जोनीनं त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

मेव्ह त्यानंतर नऊ दिवस होती. तिला नेलं त्या दुपारी जोनी मदतीला आली आणि गालिच्यावरचा पानांचा भुगा काढायला झाडू घेऊन वाकली. ऑर्विलनं तो तिच्या हातून काढून घेतला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला.