सतरा ठिगळांचा चिझु

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा तक्ता आहे. नाशिकरोडच्या एका वाचनालयात टांगलेला. अंगावर सतरा ठिगळं. लोक मला फाटका म्हणतात. म्हणोत बापडे, पण ही ठिगळं का लागली ते ऐका.

कळवणची हर्षाली परिचारिका झाली. जपानला जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची तिची इच्छा. पण जपानी भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर प्रशिक्षण संस्था नाव कमी करणार होती. नकाशे, आकृत्या दाखवून विचारलेले प्रश्नच तिला अडवायचे. म्हणून तिने माझ्यावर या वाचनालयाचाच ‘चिझु’ काढला, म्हणजे नकाशा. प्रवेशद्वाराशी ‘इरिगुची’, कपाटांवर ‘होनदाना’, वर ठळक ‘तोशोकान’, म्हणजे वाचनालय. तेव्हाच्या ग्रंथपाल विमलाबाईंनी माझ्यासाठी स्वतः खिळा ठोकला.

त्या निवृत्त झाल्या आणि खुर्चीत सोमनाथ बसला. त्याने पहिल्याच दिवशी माझ्यावर डूख धरला.

“हे चिनी भेंडोळं काढ इथून.”

“जपानी आहे, काका.”

“काका कुणाला म्हणतेस? मराठी वाचनालय आहे हे.”

“नकाशा तर बरोबर आहे ना? मग राहू द्या.”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. दसऱ्याच्या साफसफाईत त्याने मुद्दाम कपाटं हलवली. संतचरित्रं खिडकीशी, कादंबऱ्या दाराशी. पूजेला प्रत्येक कपाटावर झेंडू वाहिला, मला तेवढं वगळलं.

“खोटा झाला तुझा नकाशा,” तो हर्षालीला म्हणाला. “खोटी पाटी माझ्या भिंतीवर नको.”

तिने कागद कापला, खळ लावली आणि कपाट माझ्यावर नव्या जागी चिकटवलं. पुढच्या सोमवारी त्याने कंबर धरून धरून पुन्हा कपाटं सरकवली. तिने पुन्हा चिकटवली. परीक्षेपर्यंत हे असंच चाललं आणि ठिगळं सतरा झाली. दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. खळीखाली माझा जीव गुदमरे. पण दर ठिगळाला ती पुटपुटे: मिगि, उजवीकडे. हिदारि, डावीकडे. तोनारि, शेजारी. उशिरो, मागे. हे सोमनाथच्या कानी पडतं, तर एक कपाट हललं नसतं.

डिसेंबरात परीक्षा झाली, पुढे निकाल लागला. हर्षाली पास. ती मला न्यायला आली.

“तक्ता नेते, साहेब.”

“भिंतीवरची वस्तू वाचनालयाची. मिळणार नाही.”

“तुम्हालाच नको होता ना?”

“तुला हवाय, म्हणून मिळणार नाही.”

ती माझ्यासमोर जराशी थांबली. मग त्याला वाकून नमस्कार करत म्हणाली, “तुम्ही कपाटं हलवली नसती, तर मी याही वेळी नापासच झाले असते.”

सोमनाथचं तोंड कडू झालं. त्या दिवसापासून त्याने एकही कपाट हलवलेलं नाही. मी वाचनालयाचा असं स्वतःच म्हणून बसल्यामुळे त्याला मला फेकताही येत नाही.

देव कुणाच्या हातून काय करून घेईल, याचा नेम नाही, असं कीर्तनात बुवा सांगतात. मित्रांनो, नकाशा चुकला म्हणून टाकू नका, दुरुस्त करा. आणि इकडे आलात तर माझ्यावरची धूळ तेवढी पुसा. सोमनाथ काही पुसणार नाही.